स्प्लिटर की स्विचर? आधी पडदे मोजा, मग पेटी निवडा

नागपूर : मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यासाठी पडदा हाच कार्यक्रम असतो. रेशीमबागेत २०१७ साली सुरू झालेले सुमारे दोन हजार आसनांचे कविवर्य सुरेश भट सभागृह असो, की अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा लाखोंचा जनसमुदाय असो, दूरवरच्या माणसाला व्यासपीठावरचा चेहरा पडद्याशिवाय दिसत नाही. पडद्यावरचे चित्र गेले की त्याच्यापुरता कार्यक्रम थांबतो. अशा वेळी दोष प्रोजेक्टरला दिला जातो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा लॅपटॉप आणि पडदा यांच्यामध्ये बसवलेल्या एका लहानशा पेटीची निवड चुकलेली असते.

या पेटीचे मुख्य प्रकार दोन : स्प्लिटर आणि स्विचर. दोन्हींची नावे एकसारखी वाटतात, आकार सारखाच असतो आणि पाठीमागे एचडीएमआयच्या त्याच १९ पिनांच्या खाचा असतात. सीताबर्डीच्या दुकानांत दोन्ही पेट्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात. काम मात्र एकमेकींच्या नेमके उलट आहे.

कोण काय करते?

स्प्लिटर एका स्रोताचे चित्र अनेक पडद्यांवर पाठवतो. एक लॅपटॉप आणि चार पडदे असतील, तर 'एक बाय चार' स्प्लिटर लागतो. चारही पडद्यांवर एकच चित्र दिसते. वेगवेगळी चित्रे दाखवणे त्याला शक्य नसते.

स्विचर अनेक स्रोतांपैकी एकाची निवड करून ते चित्र एका पडद्यावर पाठवतो. तीन वक्त्यांचे तीन लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर असेल, तर स्विचर हवा. बटण किंवा रिमोट दाबला की स्रोत बदलतो. वायर काढून पुन्हा लावण्याची गरज उरत नाही.

बाजारात दोन्ही दिशांनी चालणारी दोन खाचांची स्वस्त पेटीही मिळते. ती उलटी जोडली की स्प्लिटर झाला, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अशी पेटी एका वेळी एकाच पडद्याला चित्र देते. दुसरा पडदा तोवर काळाच राहतो.

स्रोतही अनेक आणि पडदेही अनेक असतील, तर दोन मार्ग आहेत. सर्व पडद्यांवर एकच चित्र चालणार असेल, तर आधी स्विचर आणि त्यापुढे स्प्लिटर जोडता येतो. प्रत्येक पडद्यावर वेगळे चित्र हवे असेल, तर मॅट्रिक्स स्विचर घ्यावा लागतो. तो महाग असतो. गरज नसताना घेण्यात अर्थ नाही.

केबलच्या काळातील सवय

स्प्लिटर हा शब्द घरोघरी पोहोचला तो केबल टीव्हीमुळे. जुन्या ॲनालॉग केबलमध्ये सर्व वाहिन्या एकाच वायरमधून येत असत. स्प्लिटर लावला की दिवाणखान्यातील आणि शयनगृहातील टीव्हीवर वेगवेगळ्या वाहिन्या पाहता येत. देशातील ३८ शहरांसाठीच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा समावेश होता आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यानंतर सेटटॉप बॉक्स आला आणि हिशेब बदलला. सेटटॉप बॉक्सच्या पुढे एचडीएमआय स्प्लिटर लावला, तर दोन्ही टीव्हींवर एकच वाहिनी दिसते. वेगळी वाहिनी हवी असेल, तर दुसरा सेटटॉप बॉक्सच लागतो.

डीटीएचच्या छत्रीबाबत आणखी एक अडचण आहे. सेटटॉप बॉक्स छत्रीवरील एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब देऊन कोणते सिग्नल हवेत ते सांगतो. दोन सेटटॉप बॉक्स साध्या स्प्लिटरने जोडले, तर दोन्हींच्या मागण्या एकमेकींत अडथळा आणतात. त्यासाठी दोन जोडण्यांचा एलएनबी किंवा मल्टिस्विच लागतो.

सिग्नल वाटला की घटतो

सिग्नल फुकट वाटला जात नाही. केबलच्या साध्या दुहेरी स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला निम्मी शक्ती जाते, म्हणजे तत्त्वतः ३ डेसिबलची घट होते. प्रत्यक्षात ती थोडी अधिकच असते. चार वाटांमध्ये ही घट ६ डेसिबलच्या पुढे जाते. म्हणूनच चौथ्या खोलीतील टीव्हीवर चित्र फुटू लागते.

एचडीएमआयमध्ये तर वायरींची साधी जोडाजोड चालतच नाही. येथे पडदा आणि स्रोत यांच्यात आधी माहितीची देवाणघेवाण होते. आपण किती बारकाईचे चित्र दाखवू शकतो, हे पडदा ईडीआयडी नावाच्या नोंदीतून कळवतो आणि स्रोत त्यानुसार चित्र पाठवतो. एका वायरीला दोन पडदे थेट जोडले, तर स्रोताला दोन उत्तरे एकदम मिळतात आणि चित्र येत नाही. त्यामुळे विजेवर चालणारा, सिग्नल नव्याने उभा करणारा स्प्लिटरच घ्यावा. दोन तोंडांची साधी वायर घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

कमकुवत पडद्याचा नियम

स्प्लिटर सर्व पडद्यांना एकच चित्र देतो, हीच त्याची मर्यादाही आहे. एक पडदा फोर-के आणि दुसरा जुना प्रोजेक्टर असेल, तर साधा स्प्लिटर सहसा दोघांनाही झेपेल असे कमी दर्जाचे चित्र पाठवतो, किंवा जुन्या प्रोजेक्टरवर चित्र येतच नाही. पडदे वेगवेगळ्या क्षमतेचे असतील, तर स्केलर असलेला स्प्लिटर मागावा.

दुसरी अडचण एचडीसीपी या नक्कलरोधक व्यवस्थेची. लॅपटॉपवरील सादरीकरण व्यवस्थित दिसते, पण सेटटॉप बॉक्स किंवा ब्लू-रे जोडला की पडदा काळा होतो. अशा वेळी जोडलेल्यांपैकी एखादे उपकरण ही व्यवस्था मानत नाही किंवा त्यातील आवृत्ती जुनी आहे, असा संशय आधी घ्यावा.

पेटीवर छापलेल्या 'फोर-के' या शब्दावरही भागत नाही. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात. त्यावर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. ६० वेळा हवे असेल, तर १८ गिगाबिटची २.० आवृत्ती लागते. भाषण किंवा तक्ते दाखवण्यास पहिली पुरते. क्रिकेटच्या सामन्यासाठी दुसरी बरी.

स्रोत बदलताना येणारा काळोख

साध्या स्विचरमध्ये स्रोत बदलला की पडदा आणि नवा स्रोत यांची ओळख पुन्हा व्हावी लागते. तेवढे काही सेकंद पडदा काळा राहतो. वर्गखोलीत किंवा घरी याने बिघडत नाही. सत्कार सुरू असताना मात्र नेमका हार घालण्याचा क्षण मागच्या रांगांकडून निसटतो. अशा कार्यक्रमांसाठी 'सीमलेस' प्रकारचा स्विचर घ्यावा. दोन-तीन कॅमेरे असतील, तर व्हिडिओ मिक्सर लावावा. एलईडी भिंत भाड्याने घेताना तिच्या प्रोसेसरमध्येच स्रोत बदलण्याची सोय आहे का, हे बिछायत केंद्राला आधी विचारावे. ती असेल, तर वेगळा स्विचर कदाचित लागणारही नाही.

अंतर, वीज आणि ऊन

साधी तांब्याची एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही आणि फोर-केसाठी ही मर्यादा आणखी कमी होते. स्प्लिटर हा अंतर वाढवण्याचा उपाय नव्हे. त्यासाठी नेटवर्कच्या वायरीवरून शंभर मीटरपर्यंत सिग्नल नेणारे एचडीबेसटी संच, एसडीआय किंवा ऑप्टिकल फायबर हे पर्याय आहेत.

लॅपटॉप एका जागेवरून आणि प्रोजेक्टर दुसऱ्या जागेवरून वीज घेत असतील, तर अर्थिंगमधील फरकामुळे ध्वनीत घरघर येऊ शकते. ॲनालॉग जोडणीत चित्रावर पट्टेही सरकतात. शक्यतो सर्व उपकरणे एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे. या पेट्या तापतात. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवणाऱ्या शहरात त्या बंद कपाटात किंवा उन्हातील मंडपात ठेवणे धोक्याचे आहे.

दरपत्रक मागवण्यापूर्वी

शाळा, संस्था आणि गृहनिर्माण सोसायट्या दरपत्रके मागवून खरेदी करतात. मागणीपत्रात पेटीचे नावच चुकले, तर सर्वांत कमी दराची पेटीही वाया जाते. त्यामुळे पुढील बाबी आधी कागदावर लिहून घ्याव्यात.

१. एकूण स्रोत किती आणि पडदे किती?

२. सर्व पडद्यांवर एकच चित्र हवे की वेगवेगळे?

३. प्रत्येक पडद्याची क्षमता काय? सर्वांत जुना पडदा कोणता?

४. स्रोतांत सेटटॉप बॉक्स आहे का? असल्यास एचडीसीपीची आवृत्ती कोणती?

५. कोणाच्या लॅपटॉपला अद्याप १५ पिनांची व्हीजीए जोडणी आहे का? असल्यास वेगळा कन्व्हर्टर लागेल.

६. सर्वांत लांबच्या पडद्याचे अंतर किती मीटर?

७. कार्यक्रम चालू असताना स्रोत बदलावा लागेल का?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून पेटीचा प्रकार ठरतो, उरलेल्यांतून तिचा दर्जा. स्रोत एक आणि पडदे अनेक असतील तर स्प्लिटर. स्रोत अनेक आणि पडदा एक असेल तर स्विचर. खरेदी करताना आपलाच लॅपटॉप, शक्य असल्यास आपलाच प्रोजेक्टर जोडून पाहावा आणि न चालल्यास पेटी परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर्व स्रोत आणि सर्व पडदे एकदम चालू करून किमान अर्धा तास चाचणी घ्यावी. त्या वेळी एकाने शेवटच्या रांगेत बसून पडदा पाहावा.