कोल्हापूर ते नागपूर : आकाशातून सातशे, रुळावरून बाराशे

परवा चहाच्या टपरीवर एका निवृत्त गुरुजींनी विचारलं, "काय ओ पत्रकार, कोल्हापूर ते नागपूर विमानानं किती लांब?"

मोबाईल काढून बघितलं. सरळ रेषेत साधारण 700 किलोमीटर. जेट विमान असेल तर सव्वा ते दीड तास. गुरुजी हसले. म्हणाले, "आम्ही मोर्चाला रेल्वेनं जायचो, ते 1200 किलोमीटर व्हायचं. एक अख्खा दिवस डब्यात!"

दोन्ही आकडे बरोबर आहेत. मधले पाचशे किलोमीटर आले कुठून, ही गोष्ट मात्र दीडशे वर्षांपूर्वी सुरू होते.

नागपूरला रेल्वे पोचली 1867 साली, मुंबईहून भुसावळमार्गे. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणणं हे तिचं मोठं काम. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 मध्ये, शाहू महाराजांच्या काळात, मिरजेहून. तेव्हा पुणे-मिरज लाईन मीटरगेज होती, म्हणजे पुण्यात गाडी बदलणं आलंच. कोल्हापूर संस्थान, नागपूर मध्य प्रांतात. या दोन गावांना जोडायचा विचार कुणी कशाला करेल? म्हणून आजही महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घालत नागपूरला जाते.

विमानाचं बघा. कोल्हापूरला राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये विमानतळ झाला. नागपूरची कथा तर भारीच. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं रोज रात्री नागपूरला एकत्र यायची, पोती अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. दिल्लीचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासला! त्याच 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. विमानतळ दोन्हीकडं होते, पण कोल्हापूरच्या माणसाला नागपूर लांबच राहिलं.

पुढं 1953 चा नागपूर करार झाला. 1960 ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षापासून नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरू लागलं. नागपूरनं राजधानीपण सोडलं होतं, तेव्हा सरकारनं वर्षातून एकदा तिथं जावं हे न्याय्यच होतं. पण आपल्या भागातला शिक्षक, अंगणवाडी सेविका, ऊस उत्पादक गाऱ्हाणं घेऊन निघाला की त्याच्या वाट्याला तोच कापसाचा जुना रस्ता.

मी स्वतः अधिवेशनाच्या बातम्यांसाठी त्या गाडीनं गेलोय. भाकरी-चटणीचं गाठोडं, जनरल डब्यात मोर्चाची माणसं, पायाशी गुंडाळलेले फलक. ज्यांना भेटायला ही माणसं निघालेली, ते विमानानं केव्हाच पोचलेले असायचे.

म्हणून विमानसेवा हवीच, त्यात दुमत नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला वेळ वाचतो तो मोलाचा. पण विमानाच्या बातमीवर टाळ्या वाजवताना एवढंच विचारू या : सव्वा तासाचं अंतर कुणाचं झालं? तिकीट परवडणाऱ्याचं. बाकीच्यांचं नागपूर अजून बाराशे किलोमीटरवरच आहे. राज्य एक होऊन साठ वर्षं उलटली, रूळ मात्र अजून मुंबईकडंच तोंड करून आहेत.

तुम्ही नागपूरला कसे गेलात, किती तास लागले? सांगा. गुरुजींनाही वाचून दाखवतो.