टर्बोची ऑइल लाइन

इंजिनातले दाबाखालचे तेल टर्बोचार्जरच्या बेअरिंगांपर्यंत नेणारी बारीक नळी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल काही सेकंद तुटले तरी बेअरिंग खरवडते.

नळीच्या टोकाशी बहुधा बँजो बोल्ट असतो. त्यात ओवलेल्या नळीच्या कड्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर बसतो. जुना वॉशर दबून कडक झालेला असतो, म्हणून दर वेळी नवा घालावा. टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावणे हा निव्वळ आगाऊपणा. त्याचे तुकडे सुटून तेलाचे भोक बुजवतात.

नळी तडकते ती बहुतेक वेळा ताणामुळे आणि कंपनामुळे. आधी दोन्ही टोके हाताने धरवावीत, मग बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळावेत; आवळताना नळी पिळली जाऊ नये. नळीला आधार देणारी मधली क्लिप शेवटी घट्ट करावी, पण वगळू नये. आधार नसलेली पोलादी नळी जोडाच्या मुळाशीच चिरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ती दूर ठेवावी, कारण तापलेल्या लोखंडावर ठिबकलेले तेल पेट घेऊ शकते.

नळी जोडण्यापूर्वी टर्बोच्या तेलमुखात स्वच्छ तेल ओततात. जोड कोरड्या फडक्याने पुसून, इंजिन काही मिनिटे आयडलला चालवल्यावर पुन्हा फडके फिरवावे. डाग उमटला तर गळती आहे.