राजभाषा, राज्यभाषा आणि मातृभाषा : भारतीय भाषाधोरणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
हिंदीला 'राष्ट्रभाषा' म्हणण्याचा प्रघात असला, तरी भारतीय राज्यघटनेने कोणत्याही भाषेस हा दर्जा दिलेला नाही. संविधान सभेतील दीर्घ वादानंतर १४ सप्टेंबर १९४९ रोजी मुन्शी-अय्यंगार सूत्रानुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची 'राजभाषा' ठरली. या शब्दभेदातच प्रादेशिक भाषांच्या रक्षणाचे बीज होते. हे रक्षण सर्व भाषांच्या वाट्यास आले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संघराज्य आणि राज्ये :
अनुच्छेद ३४३ ने इंग्रजीस १५ वर्षांची मुदत दिली, तर अनुच्छेद ३४५ ने राज्यांना स्वतःची राजभाषा ठरविण्याचा अधिकार दिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या अधिकारास भूमी मिळाली. महाराष्ट्रास मात्र त्यासाठी १ मे १९६० पर्यंत लढावे लागले. १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन उसळले. त्यानंतर राजभाषा अधिनियमातील १९६७ च्या दुरुस्तीने, हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांच्या संमतीवाचून इंग्रजीचा वापर थांबणार नाही, अशी हमी मिळाली. म्हणजेच हे रक्षण घटनेतील तरतुदींइतकेच प्रादेशिक जनमताच्या बळावर घडले.

अनुसूचीबाहेरील भाषा :
आठव्या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या. १९६७ मध्ये सिंधी, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी व नेपाळी, तर २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाली समाविष्ट होऊन ही संख्या २२ झाली. या समावेशामागे भाषकसंख्या हा निकष दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारांहून कमी होते. भिली-भिलोडीचे १ कोटीहून अधिक आणि गोंडीचे सुमारे ३० लाख भाषक नोंदले गेले. तरीही या दोन्ही भाषा अनुसूचीबाहेरच आहेत. त्यांचे भाषक अनेक राज्यांत विभागले गेल्याने त्यांच्या पाठीशी भाषेच्या नावाने उभे असलेले राज्य नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी कराव्यात, असे अनुच्छेद ३५० क सांगतो; हा अनुच्छेद १९५६ मध्येच घटनेत आला आहे.

निष्कर्ष :
पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे शासन निर्णय महाराष्ट्रात जनविरोधामुळे २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले. कोवळ्या वयात परकी भाषा लादू नये, हे त्या विरोधामागील एक प्रमुख तत्त्व होते. गोंडी घरातून मराठी शाळेत पाऊल टाकणाऱ्या बालकासही तेच तत्त्व लागू पडते. ते मान्य केल्याने मराठीचा पक्ष दुबळा होत नाही. उलट तो अधिक न्याय्य ठरतो.