एका शिलिंगाची वर्गणी

अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. म्हणून त्या मुक्तीची कथा मराठी वाचकाला परकी नाही. पण कृष्णवर्णीयांनी स्वतः काय उभं केलं, ही कथा मुक्तीच्याही कितीतरी आधी सुरू होते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हीच कथा आहे.

१७८७ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांनी ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. दोघेही गुलामीतून सुटलेले. वर्गणी महिन्याला एक शिलिंग. वर्षभर ती भरणारा सभासद अडचणीत आला, तर आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळत. विधवेला आधार, पोरक्या मुलांचं शिक्षण, त्यांना एखादं काम शिकायला ठेवणं, हे सगळं नियमांत लिहिलेलं होतं. १७९३ मध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा या मंडळींनी शहरातल्या रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेतं पुरली. पुढे त्यांच्या लोकांवर पैसे उकळल्याचा आरोप छापून आला. त्यावर जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ मध्ये पुस्तिका काढून जमाखर्चच मांडला: पदरचे पैसे गेले होते.

परस्परसाहाय्य म्हणजे हक्कांच्या लढ्याला बगल, असा समज असेल तर कॅली हाउस यांचं चरित्र वाचावं. धुणी धुऊन संसार चालवणाऱ्या या विधवेने १८९० च्या दशकात टेनेसीत माजी गुलामांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. स्थानिक शाखा आजारपणाला आणि अंत्यविधीला मदत करत. तीच संघटना गुलामीत राबलेल्यांना पेन्शन द्या, अशी मागणी अमेरिकेच्या काँग्रेसकडे करत होती. सरकारने १९१७ मध्ये कॅली हाउस यांना टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात धाडलं. रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी मात्र अशाच एका मंडळाच्या बळावर १९०३ साली बँक उघडली.

या संस्थांचा पद्धतशीर अभ्यास समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठात १८९८ मध्ये सुरू केला. नव्या अभ्यासकाने त्यात मोकळ्या मनाने उतरावं, पण भाबडेपणाने नव्हे. चार्ल्स्टनच्या ‘ब्राउन फेलोशिप सोसायटी’ची दारं उजळ वर्णाच्या स्वतंत्र पुरुषांनाच खुली होती. म्हणून प्रत्येक संस्थेला दोन प्रश्न विचारावेत: सभासद कोणाला होता येत होतं, आणि तिजोरीची किल्ली कोणाकडे होती? या प्रश्नांनी संस्थांचं मोल कमी होत नाही. माणसं एकमेकांवर विश्वास टाकायला कशी शिकली, हे त्यांच्या उत्तरांतूनच कळतं.