कागद, काच, पत्रा : पुण्यातला एक जुना धडा

मागच्या महिन्यात सोनपेठला कॉलेजच्या मुलांशी चक्राकार अर्थव्यवस्थेवर बोलायला गेले होते. म्हणजे काय, तर वापरून झालेली वस्तू फेकायची नाही, तिला पुन्हा कच्चा माल म्हणून कामाला लावायचं. एवढं सांगून होतंय तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आमच्या गल्लीतली भंगारवाली मावशी हे रोजच करते. मग आम्ही नवीन काय करायचं?"

खरं सांगते, तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, उत्तर पुण्यात आहे. आणि त्या गोष्टीची एक मुळी आपल्या मराठवाड्यापर्यंत येते.

1972च्या दुष्काळात दुष्काळी भागातली कितीतरी कुटुंबं पोटासाठी शहरांकडे गेली. पुण्यात पोचलेल्या अनेक दलित बायकांच्या हाती एकच काम लागलं: कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून विकणं. त्याला ना भांडवल लागत होतं, ना कुणाची ओळख. मिळायचं काय, तर चार पैसे आणि वर चोरीचा संशय.

1990च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या बायकांपर्यंत पोचल्या. नुसतं साक्षरतेचे वर्ग घेऊन त्या थांबल्या नाहीत, त्यांच्याबरोबर कचरा वेचायलाही गेल्या. तिथं खरी अडचण दिसली. लोक सगळं एकत्र टाकत होते.

इथं थोडं विज्ञान. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. त्यावर आमटी सांडली, तेल लागलं, बुरशी आली, की त्या कागदाला भाव राहत नाही. तोच कागद घरात कोरडा बाजूला ठेवला तर विकला जातो. म्हणजे कचऱ्याची किंमत कारखान्यात ठरण्याच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात ठरते!

मग काही सोसायट्यांना वेगळा कचरा ठेवायला सांगितलं गेलं आणि छोट्या गटाला ओळखपत्रं देऊन तो गोळा करू दिला. कमाई वाढली, उकिरड्यातले तास कमी झाले. पण चांगला माल दिसताच एक व्यावसायिक गाडी घेऊन त्याच भागात उतरू पाहत होता. बायका एकत्र आल्या, रहिवाशांना जाऊन भेटल्या आणि त्याला माघार घ्यावी लागली. एकीचं बळ तिथं कळलं.

मे 1993 मध्ये बाबा आढावांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात मेळावा झाला. आठशेहून जास्त कचरावेचक आले. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेनं ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि 2008 मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. 2016च्या घनकचरा नियमांनी तर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला देशभरातल्या पालिकांना सांगितलं. सोनपेठची नगरपालिकाही त्यात आलीच.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. नवीन काही शोधू नकोस. एक दिवस झाडू घेऊन फोटो काढण्यापेक्षा आधी तुझ्या गल्लीतल्या मावशीला विचार, तिला कोणता माल हवा, कशाचा भाव मिळतो, कशानं हात कापतो. मग गल्लीतल्या दहा घरांत जाऊन कोरडा कचरा वेगळा ठेवायला लाव आणि तो तिच्याच हातात जाईल असं बघ. गावात बचत गट आहेत, गणेश मंडळं आहेत, त्यांना सोबत घे.

चक्र आधीपासून फिरतंय, ते फिरवणारीला अजून मान आणि पुरेसा दाम मिळालेला नाही. तुमच्या गल्लीत कोण हे काम करतं? तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? मला तरी परवापर्यंत माहीत नव्हतं.