व्हेस्पा, चेतक आणि घाट : एका जुन्या यंत्राची संहिता

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोन वाटा रूढ आहेत. एक कारखानदारांच्या चरित्राची, दुसरी आर्थिक धोरणाची. पहिलीत यंत्र मालकाच्या कर्तृत्वाचे चिन्ह होते, दुसरीत आकडेवारीचा एक रकाना. यंत्र वापरणारा माणूस दोन्हींत दिसत नाही. त्याने ते कसे राखले, कोणत्या रस्त्यावर चालवले, त्यावर जीव सांभाळून कसा बसला, हे प्रश्न इतिहासाचे मानलेच जात नाहीत. रसायनी-खालापूर-खोपोली या पट्ट्यात आजही अधूनमधून दिसणाऱ्या जुन्या इटालियन वंशाच्या स्कूटरांच्या निमित्ताने आम्ही याच प्रश्नांकडे वळू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु 'मूळ प्रत कोणती' आणि 'दुरुस्ती कुठवर करावी' हे त्यांचेच प्रश्न येथे लोखंडात आणि रबरात उभे राहतात.

दुसऱ्या महायुद्धाने इटलीतील कारखाने आणि रस्ते दोन्ही मोडून पडले होते. विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीने १९४६ साली पोन्तेदेरा येथे व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमान अभियंता. मोटारसायकल त्याला आवडत नसे. म्हणून त्याने सांगाडा आणि वरचे आवरण असा भेदच ठेवला नाही. पत्रा वाकवून घडवलेले अंग हाच तिचा सांगाडा. इंजिन उजव्या बाजूला, साखळी नाही, गियर डाव्या मुठीत, पायांसमोर सपाट जागा. १९४७ साली मिलानच्या लांब्राते भागातून फर्दिनांदो इनोचेंती यांची लॅम्ब्रेटा आली. नळ्या बनवणाऱ्या या उद्योजकाच्या गाडीचा सांगाडा साहजिकच नळीचा होता आणि पत्रा हे त्यावरचे आवरण. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे सुरक्षिततेच्या चर्चेत तो निर्णायक ठरणार आहे.

ही दोन्ही घराणी महाराष्ट्रात लवकरच पोहोचली. मुंबईत १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा जोडण्यास आरंभ केला. पुढे हीच गाडी 'लॅम्बी' या नावाने ओळखली गेली. बजाज समूहाने १९४८पासून दुचाक्या-तीनचाक्या आयात केल्या, १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पियाजिओशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा घडवली. १९७१ साली हा करार संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. १९७२ साली तीच रचना, व्हेस्पा स्प्रिंटच्या वळणाची, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' झाली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने पियाजिओच्या 'चाव' या मोपेडवरून 'लूना' आणली. १९७५ साली राज्य शासनाच्या महामंडळाच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली आणि साताऱ्यात 'प्रिया' तयार होऊ लागली. तिकडे इनोचेंतीने स्कूटर बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली.

या नामांतरांकडे केवळ नक्कल म्हणून पाहणे आम्हांस उथळ वाटते. मराठी नाटकाच्या इतिहासात भाषांतर आणि रूपांतर यांतील फरक आपण शिकवतो. व्हेस्पाचे चेतक होणे हे रूपांतर होते. इटलीतील तरुणांच्या स्वैर भटकंतीचे वाहन येथे नोकरदार कुटुंबाचे स्थावर झाले. परवाना-राज्यात नोंदणी करून गाडी हाती पडेपर्यंत दहा-दहा वर्षे जात. साहजिकच स्कूटर लग्नाच्या याद्यांत शिरली आणि मुलाच्या नावे आगाऊ नोंदवली जाऊ लागली. सपाट पायठेवणीवर लहान मूल उभे राहिले, मागे लुगडे-साडीतील स्त्री एका अंगाने बसली, पुढच्या आकड्याला भाजीची पिशवी लटकली. यातील एकही गोष्ट इटालियन संहितेत नव्हती.

रसायनीची वसाहत याच काळाची. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा येथील कारखाना सत्तरीच्या आरंभी चालू झाला. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना आला, पाताळगंगेच्या काठी औद्योगिक क्षेत्र वाढले, मोहोपाड्याची बाजारपेठ झाली. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला एसटी आणि आगगाडी यांच्या वेळापत्रकातून सोडवणारे वाहन म्हणजे स्कूटर. २०१७ साली केंद्र सरकारने एचओसीचे येथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला, माणसे पांगली. अशा वेळी गोठ्यात किंवा जिन्याखाली उरलेली स्कूटर ही त्या जीवनाची उरलेली कागदपत्रेच होत. ती भंगारात द्यावी, चकचकीत करून विकावी, की चालती ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच भावनेपुरता नाही.

येथे पाठचिकित्सेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे अपपाठांचा ढीग होता. संपादकाला दोन मोह असतात. प्रत सुंदर दिसावी म्हणून तुटलेल्या जागी स्वतःचे शब्द भरण्याचा एक, आणि जीर्णता पवित्र मानून कशालाच हात न लावण्याचा दुसरा. जुन्या स्कूटरांच्या 'पुनरुद्धारात' हे दोन्ही मोह जसेच्या तसे दिसतात. फरक इतकाच की ग्रंथातील अपपाठाने अर्थ बिघडतो, गाडीतील अपपाठाने माणूस दगावतो.

पहिला अपपाठ पत्र्याचा. कोकणच्या पावसात पायठेवणीखालचा पत्रा आतून गंजतो. व्हेस्पा आणि चेतक यांत पत्रा हाच सांगाडा. तेथे गंजलेल्या भोकावर लांबी थापून वर रंग मारणे म्हणजे मोडक्या हाडावर पावडर लावणे. लॅम्ब्रेटात पत्रा गंजला तर गाडी कुरूप होते, पण नळीची जोडणी गंजली अथवा वाकली तर तीही तितकीच धोक्याची. म्हणून विकत घेताना रंग पाहू नये. गाडी आडवी करून खालचे अंग पाहावे, हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा, आणि सांगाड्यावरील क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहावा. प्रत पाहण्याआधी पुष्पिका वाचणाऱ्यास ही सवय नवी नाही.

दुसरा अपपाठ चाकाचा. या गाड्यांची रिम दोन अर्धगोलांची, नटांनी जोडलेली असते. ट्यूबमधील हवा पूर्ण काढल्याविना ते नट सैल केल्यास रिम उडून इजा होते. टायरवर खोबणी शिल्लक दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. दहा-पंधरा वर्षे पडून असलेला टायर नवा दिसला तरी बदलावाच. आठ वा दहा इंची चाक खड्ड्यात खोल उतरते, त्यातच इंजिनाचे वजन एका बाजूला. त्यामुळे मोटारसायकलच्या भरवशाने या गाडीवर वळण घेऊ नये. क्लच, गियर आणि ब्रेक तिन्ही केबलवर चालतात. केबलची एक तार तुटलेली दिसली तरी ती शेवटची समजून बदलावी.

तिसरा अपपाठ घाटाचा, आणि तो आमच्या मुलखाचा खास. २००२ साली पूर्ण खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. रसायनीहून पुण्याकडे जाणाऱ्या स्कूटरला दांड फाट्यावरून चौक, खालापूर, खोपोली असा जुना रस्ताच धरावा लागतो आणि पुढे बोरघाट. चढताना इंजिन तापते हे सर्वांना ठाऊक असते. उतरतानाचा धोका कमी ज्ञात आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच येते. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन गियरात फिरू दिले, तर पेट्रोलबरोबर ऑईलही आटते आणि पिस्टन जाम होऊ शकते. मागचे चाक एकाएकी अडकते. म्हणून उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा द्यावा आणि डाव्या हाताची बोटे क्लचवर असू द्यावीत. गियर सोडून 'न्यूट्रल'मध्ये उतरणे हा त्यावर उपाय नव्हे. तसे केल्यास सारा भार ड्रम ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची लोककथा सांगणाऱ्या शिंगरोबाच्या देवळापाशी वाहने थांबत आली आहेत. चाके निवेपर्यंत तेथे थांबण्यात श्रद्धा आणि शहाणपण यांचा विरोध नाही. ऑईलचे प्रमाणही इंजिनागणिक वेगळे असते. पुढच्या चेतकांना लिटरमागे वीस मिलिलिटर पुरे, जुन्यातल्या जुन्या इंजिनांना त्याहून बरेच अधिक लागते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरी नळी व वायसर लवकर खराब होतात, तेही तपासत राहावे. हेल्मेट मागे बसणाऱ्यासही हवेच. तो काळ हेल्मेटविना गेला, म्हणून त्या काळाची गाडी हेल्मेटविना चालवण्यात ऐतिहासिक अचूकता नाही.

राहता राहिला कायदा. २०२१च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या मूळ स्वरूपातील दुचाकीस 'व्हिंटेज' दर्जा देण्याची सोय केली; अशा गाडीचा नित्य वापर मात्र करता येत नाही. अन्य जुन्या खासगी गाड्यांना पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. साताऱ्याच्या पहिल्या प्रिया आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. मालकाला ठरवावे लागेल की गाडी पोथी म्हणून जपायची, की रोजच्या पारायणात ठेवायची. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. पारायणाच्या प्रतीवर पोथीचे वेष्टन चढवून ती विकणे मात्र अप्रामाणिक.

बजाजने २००९ साली स्कूटर सोडण्याचा निर्णय जाहीर केला, पियाजिओची व्हेस्पा २०१२ साली बारामतीहून परतली, आणि २०१९ साली 'चेतक' हे नाव विजेच्या गाडीला मिळाले. नावे फिरत राहतात. फिरून येत नाही ते मिस्त्रींचे ज्ञान. पॉइंटमधील फट पोस्टकार्डाच्या जाडीने मोजणारे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारे कारागीर आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची परंपरा सर्वस्वी मौखिक आहे. रसायनी, कर्जत, खोपोली येथील महाविद्यालयांतून मराठी शिकवणाऱ्या मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे की बोलीभाषेचा प्रकल्प हाती घेताना विद्यार्थ्यांना ओवीच्या शोधात जसे धाडता, तसे एकदा जुन्या गॅरेजातही धाडावे. मिस्त्रींचे शब्द, त्यांच्या खुणा आणि त्यांच्या ताकिदी उतरून घ्याव्यात. त्या ताकिदींमागे कुणाचे तरी अपघात आहेत.