वेस्टसेल ३२ की कॉन्टेसा ३२? जुनी शीडनौका घेताना निवड कशी करतात?

कमी पैशांत समुद्रपर्यटनासाठी शीडनौका घ्यायची म्हटलं, तर युरोप-अमेरिकेत बहुतेकांची नजर चाळीस-पन्नास वर्षं जुन्या नौकांकडे वळते. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही. त्यामुळे १९७० च्या दशकात बांधलेल्या शेकडो नौका आजही पाण्यात आहेत आणि विकल्याही जातात. या बाजारातली दोन नावाजलेली मॉडेल्स म्हणजे अमेरिकेची वेस्टसेल ३२ आणि इंग्लंडची कॉन्टेसा ३२.

दोन्हींच्या नावातला ३२ हा आकडा म्हणजे फुटांतली लांबी. जाहिरातीत दोन्ही एकाच रकान्यात दिसतात आणि नवखा ग्राहक इथेच फसतो. कारण वेस्टसेलचं वजन आहे सुमारे ८,८०० किलो आणि कॉन्टेसाचं सुमारे ४,३०० किलो. लांबी तीच, वजन दुप्पट.

मुंबईशी नातं असलेली नौका

वेस्टसेलचा आकार मूळचा नॉर्वेचा. कॉलिन आर्चर यांनी तिथल्या वादळी किनाऱ्यावर बचावकार्यासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, जड नौकांचा आराखडा केला होता. विल्यम अॅटकिन या अमेरिकी आरेखकाने १९२० च्या दशकात त्यावरून 'एरिक' नावाची ३२ फुटी पर्यटन-नौका आखली. याच आराखड्यावरून मुंबईत कुलाब्याला सागवानी 'सुहैली' बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिलेच. वेस्टसेल ३२ ही त्याच घराण्यातली फायबरग्लासची नौका. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने १९७० च्या दशकात अशा आठशेच्या वर नौका बांधल्या.

कॉन्टेसाचा पिंड वेगळा. डेव्हिड सॅडलर यांचा आराखडा, आणि इंग्लंडच्या लिमिंग्टन गावातल्या जेरेमी रॉजर्स यांच्या यार्डातली बांधणी. अरुंद, खोल आणि चपळ. शर्यतीतही चालावी आणि कुटुंबाला घेऊन फिरताही यावं, असा तिचा हेतू होता.

वादळात कोण टिकतं?

दोघींचीही परीक्षा झालेली आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या. वाटेत वादळाने गाठलं आणि १५ स्पर्धकांचा जीव गेला. सगळ्यात लहान नौकांच्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकच नौका होती, 'असेंट' नावाची कॉन्टेसा ३२. त्यानंतर स्थिरतेची चर्चा झाली. कॉन्टेसा दीडशे अंशांहून जास्त कलंडली तरी पुन्हा सरळ होते. काही हलक्या शर्यती-नौकांची मर्यादा मात्र १२० अंशांच्याही आत होती.

१९९१ मध्ये अटलांटिकमधल्या वादळात 'सटोरी' नावाच्या वेस्टसेलवरच्या तिघांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचलून नेलं. रिकामी नौका एकटीच भरकटत राहिली आणि पुढे किनाऱ्याच्या वाळूत बऱ्यापैकी शाबूत सापडली. थोडक्यात, सुरक्षितता हा या दोघींमधला निवडीचा मुद्दा होऊ शकत नाही.

खरा फरक रोजच्या वापरात

वेस्टसेलची कील, म्हणजे तळाचा वजनदार कणा, जवळजवळ पूर्ण लांबीभर जातो. त्यामुळे ती सरळ रेषेत शांतपणे चालते, सुकाणू सतत सांभाळावं लागत नाही. पण गर्दीच्या बंदरात मागे घेताना ती ऐकत नाही आणि मंद वाऱ्यात हलायला वेळ लावते. नावाची मोडतोड करून तिला 'वेटस्नेल', म्हणजे ओली गोगलगाय, असंही चिडवतात. कागदावर मात्र तीच जास्त वेगवान! पाण्याला टेकलेली लांबी जास्त असली की नौकेच्या कमाल वेगाची मर्यादा वाढते. वेस्टसेलची ही लांबी साडेसत्तावीस फूट, कॉन्टेसाची चोवीस. म्हणून महासागरातल्या जोरदार वाऱ्यात वेस्टसेल चांगली अंतरं कापते. कॉन्टेसाची मजा हलक्या वाऱ्यात आणि वाऱ्याच्या तोंडावर चढताना.

आत पाऊल टाकलं की दुसरा फरक कळतो. वेस्टसेलची रुंदी अकरा फूट, कॉन्टेसाची साडेनऊ. वेस्टसेलमध्ये काही महिन्यांचं पाणी, धान्य, अवजारं भरून संसार मांडता येतो. कॉन्टेसात उंच माणसाला मान वाकवावी लागते आणि जास्त सामान भरलं की तिची चपळाई जाते. वर्षभर नौकेवरच राहायचं असेल तर वेस्टसेल. शनिवार-रविवार आणि सुट्टीचे तीन आठवडे मिळणार असतील तर कॉन्टेसा. अनेक जण महासागर ओलांडण्याचं स्वप्न पाहत जड नौका घेतात आणि मग ती वर्षानुवर्षं धक्क्यालाच बांधलेली राहते.

वयाचा हिशेब

एवढं ठरलं तरी समोरची प्रत्यक्ष नौका कशी आहे, हे मॉडेलपेक्षा महत्त्वाचं. वेस्टसेलबाबत तर फारच. त्यातल्या बऱ्याच नौका अर्धवट सांगाड्याच्या रूपात विकल्या गेल्या आणि आतलं सुतारकाम, वायरिंग मालकांनी घरी केलं. एखादीचं काम कसबी सुताराच्या हातचं असतं, दुसरीचं हौशी माणसाने उरकलेलं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. त्या तारा जिथे नौकेला जोडल्या जातात, त्या पट्ट्या आतून गंजतात आणि बाहेरून चकचकीत दिसतात. डेकवर लहान हातोडीने ठोकून पाहतात. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर आत पाणी मुरलेलं असू शकतं. शिडं, तारा आणि इंजिन तिन्ही बदलायची वेळ आली, तर तो खर्च नौकेच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून स्वतंत्र मरीन सर्व्हेअरची फी वाचवणं महागात पडतं. विमा कंपन्याही बहुधा त्याचा अहवाल मागतात.

आणि चाचणीला जाताना इंजिन आधी सुरू करून ठेवू नका, असं विकणाऱ्याला सांगावं. जुनं डिझेल इंजिन गरम असताना पटकन सुरू होतं. थंड असताना किती वेळ घेतं आणि किती धूर सोडतं, हे पाहायचं असतं.